अकरा नंबरची कटकट

परबकाका आमच्या घरी आले की आमची चौकशी करत नाहीत, भिंतीची करतात. दार उघडलं की चपला बाहेर, उजवा तळहात थेट हॉलच्या भिंतीवर, डोळे बंद. मी "या काका, बसा" म्हणते, माझा नवरा "काय काका, कसं काय" म्हणतो, आणि काका डाव्या हाताने आम्हाला दोघांनाही गप्प बसवतात. मग डोळे उघडतात आणि सांगतात, "बरी आहे." बरी म्हणजे भिंत. आम्ही दोघं बरे आहोत की नाही, हे त्यांनी आजवर विचारलेलं मला आठवत नाही.

एकदा माझ्या सासूबाई गावाहून आल्या होत्या. त्यांनी हा प्रकार पाहिला आणि मला स्वयंपाकघरात ओढून विचारलं, "देवरुषी बोलावलायस का गं? काय बाधा आहे घराला?" मी म्हटलं, "अहो आई, ते पुलांच्या खात्यात सुपरवायझर होते." सासूबाईंनी तरीही बाहेर जाऊन काकांना नमस्कार केला. काकांनी त्यांनाही हातानेच गप्प बसवलं.

आमची बिल्डिंग मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या बाजूला. चार मजले, एक लिफ्ट, तीही मनात आलं तरच चालणारी. खालची जमीन मऊ, त्यामुळे भिंतींना भेगा पडतात, आणि भेगा हाच परबकाकांच्या जिव्हाळ्याचा विषय. अख्खी नोकरी त्यांनी पुलांच्या पोटाखाली काढली. "पूल वरसून कोणीही बघता," ते म्हणतात, "खालसून बघूक व्हयो." मूळचे मालवणचे. एरवी आमच्यासारखंच बोलतात, पण विषय जिव्हाळ्याचा निघाला की मालवणीत शिरतात आणि रागावले की तिथून परत येत नाहीत.

त्यांच्या मते जगात भेगा दोनच प्रकारच्या. मेलेली आणि जिवंत. मेलेली भेग जिथे आहे तिथे पडून राहते, तिच्यात सिमेंट भरा, रंग फासा, विसरून जा. जिवंत भेग हलते. आता कुठली जिवंत आणि कुठली मेलेली हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून काका भेगेवर आडवी एक पातळ काचपट्टी चिकटवत, शेजारी पेन्सिलीने तारीख लिहीत आणि वाट बघत. काच फुटली की भेग जिवंत. आमच्या टीव्हीच्या वर अशी एक काच तीन वर्षं होती. येणारा पाहुणा विचारायचा, "फ्रेम छान आहे, पण फोटो कुठाय?"

रिटायर झाल्यावर काकांना सेन्सर सापडले. सापडले म्हणजे काय, लॅमिंग्टन रोडला पंख्याचा कंडेन्सर आणायला गेले आणि पिशवीभर चिमुकल्या पट्ट्या, वायरी आणि बॅटऱ्या घेऊन आले. पंखा अजून तसाच आहे. "अगो, सेन्सर म्हणजे न फुटणारी काचपट्टी," त्यांनी मला समजावलं. "काच एकदाच बोलते. ह्यो रोज बोलता." पुढचे तीन महिने ते मोबाईलवर व्हिडिओ बघून वायरी जोडत बसले. हाताला चटके, चष्म्याला डाग, तोंडात अखंड पुटपुट.

मग त्यांनी बिल्डिंगमध्ये घरोघरी श्रीखंड वाटलं. स्वतःला मधुमेह, आणि वाटतायत श्रीखंड! आम्हाला वाटलं, माणूस देवमाणूस आहे. चार दिवसांनी दारोदार डबे परत मागायला आले तेव्हा कळलं. डबेच हवे होते. पाण्याच्या टाकीवर, पंपावर, लिफ्टच्या खोलीत, पाइपांच्या डक्टमध्ये, तिसऱ्या मजल्याच्या तुळईवर, सगळीकडे श्रीखंडाचे डबे चिकटले. आतमध्ये सेन्सर, झाकणावर नंबर. टाकीवरचा एक नंबर अजूनही आम्रखंड आहे.

त्याच सुमारास मी सोसायटीची सेक्रेटरी झाले. ज्या मीटिंगला मी गैरहजर होते, त्याच मीटिंगमध्ये एकमताने झाले. त्यामुळे सगळ्या डब्यांची जबाबदारी माझ्यावर आली. काकांनी 'इमारतीची तब्येत' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि सगळ्या बिऱ्हाडांना त्यात कोंबलं. रोज संध्याकाळी सात वाजता त्यावर यादी पडते. एक, टाकी, पाऊण भरलेली. दोन, पंप, ठीक. तीन, लिफ्ट, कुरकुर. आणि मध्येच काही हललं, गळलं, तापलं, तर तिथल्या तिथे वेगळा मेसेज. हेच सगळं काका हाताने एका लांबट वहीतही लिहितात, कारण मोबाईलवर त्यांचा विश्वास नाही.

ग्रुपवर कोणी काहीही तक्रार केली की काकांचं उत्तर ठरलेलं: "आकडो काय म्हणता?" पाणी कमी येतंय. आकडो काय म्हणता? लिफ्ट हळू चालते. आकडो काय म्हणता? एकदा मी म्हटलं, "काका, आज डोकं फार दुखतंय हो." त्यांनी गंभीरपणे विचारलं, "कालच्यापेक्षा किती जास्त?"

पण खोटं कशाला बोलू, माणसाने आम्हाला वाचवलं. खालच्या टाकीतलं पाणी दुपारी कोणी वापरत नसताना उतरत होतं. प्लंबर म्हणाला, सगळा डक्ट फोडावा लागेल. काका वही घेऊन जिन्यात बसले, पाच नंबर आणि सहा नंबरचे आकडे शेजारी शेजारी मांडले, आणि पहिल्या मजल्यावर एका टाइलवर खडूने फुली मारली. "ह्यां फोड. बाजूचा फोडलस तर बघ." टाइल फोडली, आत पाइप गळत होता. प्लंबरने काकांच्या पायाला हात लावला. काकांनी त्याला विचारलं, "किती थेंब मिनिटाला?"

सगळं झकास होतं. कटकट होती ती एकाच डब्याची. अकरा नंबर.

दहा डबे कुठे कुठे आहेत ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अकरावा कुठे आहे ते कोणालाच नाही. विचारलं की काका म्हणत, "जागेवर आहे." आणि हा अकरा रोज संध्याकाळी साडेचार-पाचच्या सुमारास किंचाळायचा. ११, हालचाल. ११, हालचाल. पाच मिनिटांनी परत, ११, हालचाल. मी ऑफिसात मॅनेजरसमोर उभी आणि पर्समध्ये टिंग टिंग टिंग! सुरुवातीला लोक घाबरले, मग वैतागले, मग ग्रुपचा आवाज बंद करून मोकळे झाले. मी सेक्रेटरी, मला तीही सोय नाही. आणि मग दोन वर्षांपूर्वी एके दिवशी तो आपोआप थांबला. रोजच्या यादीत तेवढं यायला लागलं: ११, शून्य. लोकांनी ग्रुपचा आवाज परत सुरू केला. मी ग्रुपवर लिहिलं होतं, "अकरा नंबरची कटकट मिटली एकदाची! थँक्यू काका," आणि पुढे दोन हात जोडलेले. काकांनी उत्तर दिलं होतं, "हो."

आता मंगळागौर.

सोसायट्या-सोसायट्यांमध्ये मंगळागौरीच्या खेळांच्या स्पर्धा असतात, आणि आमच्या नऊ जणींच्या गटाने यंदा बक्षीस आणायचंच असं ठरवलं होतं. तालमीला जागा नव्हती, म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या मेघनाने आपला हॉल रिकामा केला. सोफा बेडरूममध्ये, सासरे गॅलरीत. श्रावणातला शनिवार, दुपार. नऊवारी खोचून आम्ही झिम्मा सुरू केला. रंगला हो असा! आमच्यातली सगळ्यात लहान सव्वीसची, सगळ्यात मोठी बासष्टची, आणि वजनांबद्दल न बोललेलं बरं.

बरोब्बर तेव्हाच सगळ्या मोबाईलवर मेसेज पडला: ७, तिसरा मजला, तुळई, हालचाल. धोका. खाली उतरा.

आम्ही नाचत होतो, मोबाईल बेडरूममध्ये. आम्हाला पत्ता नाही. बाकीची बिल्डिंग मात्र जिन्याने खाली धावली. आमचे चेअरमन वाघमारेसाहेब टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, इस्त्रीशिवाय रुमालही न वापरणारे गृहस्थ, ते अर्ध्या दाढीचा साबण घेऊन कंपाउंडमध्ये उभे. कोणी कुकर घेऊन आलं, कोणी मांजर. परबकाका एकटे उलटे वर धावले, सत्तरी ओलांडलेला माणूस, तीन मजले, आणि मेघनाचं दार ढकलून आत येऊन भिंतीला हात लावून उभे राहिले. समोर आम्ही नऊ जणी, फुगडीच्या पवित्र्यात.

मग काकांनी मोबाईलवरचा आलेख बघितला, आमच्याकडे बघितलं, परत आलेख बघितला. "नऊ जणी," ते म्हणाले. "आठ जणी बरोबर. एक ठेक्याबाहेर आहे." आणि एकेकीकडे बघत माझ्यावर येऊन थांबले. "सेक्रेटरीबाई, ती तुम्ही."

तेवढं खरं होतं. पण आकड्याने सांगायची काही गरज होती का?

खाली वाट लागली होती. वाघमारेसाहेबांनी साबण सुकायच्या आत मीटिंग लावली. "परब, तुमच्याबद्दल आदर आहे," ते म्हणाले, "पण ही काय पद्धत झाली? उद्या कोणी जिन्यात घसरून पडलं असतं तर?" ठरलं असं, की आता हे काम रीतसर कंपनीला द्यायचं. सेन्सर हवेत, पण पक्के हवेत, आणि हालचाल कशाची आहे ते कळणारे हवेत. सगळ्यांना वाटलं, काका आता भडकणार. काका म्हणाले, "बरोबर आहे. माझा सात नंबर बायका आणि भूकंप यात फरक करत नाही. नवा आणा." आणि वही बगलेत मारून घरी गेले.

कंपनीची इंजिनिअर मुलगी आली. हुशार पोरगी. काकांची वही घेऊन तिने बिल्डिंग पालथी घातली आणि खाली येऊन म्हणाली, "सर, दहाच्या दहा जागा परफेक्ट आहेत. आम्ही याच जागी आमचे बसवू." काकांची छाती श्रीखंडाच्या डब्यासारखी वर आली. मग तिने वहीचं शेवटचं पान उलटलं. "हा अकरा मात्र काढून टाका. दोन वर्षं नुसता शून्य. डेड आहे हा."

"मेलेला नाय तो," काका म्हणाले.

"सर, रीडिंगच नाहीये ना."

"शून्य ह्यां रीडिंगच आसा!" काका एवढ्या मोठ्याने ओरडले की वॉचमन आत डोकावला. "मेलेलो असतो तर काय्यच इलां नसतां! रोज सात वाजता येता, शून्य म्हणान सांगता. मेलेलो माणूस सांगता काय, मी शून्य आसंय म्हणान?"

वाघमारेसाहेबांनी समजावलं. नव्या यादीत फक्त सोसायटीच्या सामायिक जागा राहणार, ज्याचा उपयोग नाही ते काढायचं, नियम म्हणजे नियम. काका हळू आवाजात म्हणाले, "दहा घेवा. सगळे घेवा. अकरा ठेवा." कोणासमोर कधी हात न जोडणारा माणूस, त्याने हात जोडले. मला ते बघवलं नाही. पण मीटिंगच्या कागदावर ठराव झाला: अकरा नंबरचा उपयोग सेक्रेटरी प्रत्यक्ष बघून लिहितील. उपयोग नसेल तर रविवारी काढण्यात येईल.

उपयोग बघायचा तर आधी डबा सापडायला हवा. रविवारी साडेचारला मी काकांची बेल वाजवली. तळमजल्यावरचं घर. काकांनी दार उघडलं आणि म्हणाले, "ये. मला वाटलंच तू येशील." मी उगाच भिंतीला हात लावला. म्हटलं, "बरी आहे." ते हसले नाहीत.

हॉलमध्ये शिसवी झोपाळा. काकांच्या बायकोचा, शालनकाकूंचा. काका टेरेसवर डब्यांशी खेळत असायचे तेव्हा काकू इथे बसून खिडकीतून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला हाक मारायच्या. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. काकांनी वर बोट दाखवलं. झोपाळ्याच्या कडीला, जिथे ती छताच्या हुकात अडकते तिथे, एक छोटीशी लाल डबी बांधलेली होती. कुंकवाची.

"श्रीखंडाचा डबा डोक्यावर नको म्हणाली," काका सांगू लागले. "म्हणून स्वतःची डबी दिली. आजारपणात दुपारभर पडून असायची. मी दर अर्ध्या तासाने टेरेसवरून खाली यायचो, नाडी बघायचो. ती वैतागली. म्हणाली, माझ्यापायी चार-चार मजले चढू-उतरू नका. मी उठून झोपाळ्यावर बसले की तुम्हाला वरच कळेल असं काहीतरी करा. इतक्या पुलांचं कळतं तुम्हाला, माझं कळू दे की. मग मी केलं. फक्त माझ्या एकट्याच्या फोनवर कसं पाठवायचं ते मला येत नव्हतं. ग्रुपवरच जायचं. ती लाजायची. म्हणायची, कोणाला सांगू नका हां, अख्ख्या बिल्डिंगला कळतं मी कधी उठले ते."

साडेचार-पाच. ११, हालचाल. ११, हालचाल.

माझ्या डोळ्यांसमोर माझाच मेसेज आला. कटकट मिटली एकदाची. पुढे दोन हात जोडलेले. बाई गं! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं मला. काकू गेल्याच्या आठवड्यातला होता तो मेसेज. मी इथे येऊन, याच हॉलमध्ये बसून रडून गेले होते, आणि वर जाऊन ते लिहिलं होतं.

"काका," मी म्हटलं, "मी ते... तुम्ही नुसतं 'हो' म्हणालात हो."

"मग काय म्हणणार? आकडा खरा होता." काकांनी खिशातून बॅटरीचं नवं पाकीट काढून दाखवलं. "दर तीन महिन्यांनी बदलतो. बॅटरी गेली तर यादीत अकरा येणारच नाही. दहावरच संपेल यादी. ते मला नको आहे. शून्य आला तर चालतं. शून्य म्हणजे जागा आहे तिची, तिथे कोणी बसलेलं नाही, इतकंच." मग बाजूचं स्टूल पुढे ओढलं. "तू काढ. माझा हात नाही जायचा."

मी स्टूल बाजूला सारलं. मग पदर खोचला आणि झोपाळ्यावर बसले. काय करतेय हे मलाच कळत नव्हतं, डोळ्यांत पाणी होतं, त्यातच जमिनीला पाय लावून मी एक झोका घेतला. कडी करकरली.

टिंग.

काकांच्या हातात टिंग. माझ्या पर्समध्ये टिंग. वरच्या मजल्यावर कुठेतरी टिंग. ११, हालचाल.

काका मोबाईलकडे बघत राहिले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत लावला, परत बघितलं. तेवढ्यात ग्रुपवर वाघमारेसाहेब: "११ हलतोय! परब, बिघडला का?"

मी झोपाळ्यावर बसूनच उत्तर लिहिलं. "बिघडलेला नाही. प्रत्यक्ष पाहिला. अकरा जिवंत आहे आणि राहणार. सेक्रेटरी." मग म्हटलं, "काका, मंगळागौरीची तालीम उद्यापासून इथे घेऊ का? तळमजला आहे, खाली कोणाच्या डोक्यावर पडणार नाही. नऊ जणी आहोत, पाळीपाळीने बसू ह्याच्यावर."

काकांनी वही उघडून आजच्या तारखेपुढे, दोन वर्षांच्या शून्यांच्या खाली, सावकाश आकडा लिहिला. नाक ओढलं. मग मोबाईलवरचा आलेख डोळ्यांजवळ नेला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"झोपाळ्यावरसुद्धा ठेको चुकतंस गो तू," म्हणाले. "घे, परत घे."

मी परत झोका घेतला.